उणे सातवर उभी असलेली मुलगी

आमच्या मराठी मंडळाची माणसं दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या अंकासाठी लेख मागायला घरी येतात. ‘सर, तुमच्या त्या चुन्याच्या रेघेवर लिहा ना,’ म्हणतात, आणि मी दर वर्षी त्यांच्या हातात दुसरंच काही ठेवतो. एकदा वैनगंगेच्या घाटावर लिहिलं, एकदा आमच्या जुन्या छोट्या रेल्वेवर, एकदा तर भाताच्या जातींवर लिहिलं, ज्यातलं मला काही कळत नाही. रेघेवर लिहायचं टाळत आलो. कारण रेघेवर लिहायचं म्हटलं की एका दिवसावर लिहावं लागतं, आणि त्या दिवसाबद्दल मी आजवर जे सांगत आलो ते खरं नाही.

यंदा बायकोने सांगितलं, “लिहायचं असेल तर खरं लिहा. नाहीतर पुन्हा तांदळावरच लिहा.”

तर लिहितो.

मी गणिताचा मास्तर. नोकरीची सगळी वर्षं बालाघाट जिल्ह्यातच गेली, बहुतेक अकरावी-बारावीला शिकवण्यात. शाळा हिंदी माध्यमाची. वर्गात हिंदी, मैदानावर हिंदी, आणि घरी गेल्यावर ज्याची त्याची बोली. अकरावीत एक धडा असतो, हिंदीत त्याला असमिका म्हणतात, आपण असमानता म्हणू. मुलांना समीकरण आवडतं. त्याचं उत्तर एक येतं, त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या की सुटका. असमानतेचं उत्तर एक आकडा नसतो, आकड्यांचा अख्खा पट्टा असतो. तो संख्यारेषेवर काढून दाखवावा लागतो. टोकाचा आकडा पट्ट्यात धरायचा असेल तर भरीव ठिपका, धरायचा नसेल तर पोकळ गोल. कधी पट्टा एकसंध असतो, कधी त्याचे दोन तुकडे पडतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये मोकळं. एकसंध असेल तर दोन अटींच्या मध्ये ‘आणि’ असतो, तुकडे असतील तर ‘किंवा’. एवढ्यावर निम्मा वर्ग गळतो.

उरलेला निम्मा केवलमूल्यापाशी गळतो. दोन उभ्या रेघांच्या मध्ये एखादी संख्या लिहिली की तिचं शून्यापासूनचं अंतर विचारलं आहे असं समजायचं. अंतराला दिशा नसते. परसवाड्याच्या रस्त्यावर शाळेपासून तीन किलोमीटरच्या आत घर असलेली मुलं इकडच्या बाजूलाही असतात आणि तिकडच्याही. आता |x − २| < ६ असं लिहिलं, तर त्याचा अर्थ, दोनपासून सहाच्या आत राहा. आणि |x + २| < ६ लिहिलं, तर तेच अंतर उणे दोनपासून मोजा. गोम इथे आहे. डोळ्यांना अधिकचं चिन्ह दिसतं आणि मन अधिक दोनकडे धावतं. ‘मधलं चिन्ह उलटं वाचा’ हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की मुलं माझ्या मागे माझ्या आवाजात ते म्हणून दाखवायची.

फळ्यावर हे सगळं सांगून मी दमलो होतो. एका सकाळी खेळाच्या मास्तरांनी खो-खोसाठी मैदानावर चुना मारला होता. ती सरळ पांढरी रेघ पाहिली आणि मी त्यांच्याकडून उरलेला चुना मागून घेतला. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. झेंड्याच्या खांबासमोर शून्य. उजवीकडे अधिक आठपर्यंत, डावीकडे उणे आठपर्यंत. प्रत्येक खुणेवर एक मूल. ज्याला जो आकडा मिळाला तो वर्षभर त्याचा. उरलेली मुलं पंच. मी एका छोट्या फळ्यावर असमानता लिहायची आणि फळा बाकावर टेकवून ठेवायचा. जो आकडा तिच्यात बसतो त्याने उभं राहायचं, बाकीच्यांनी खाली. टोकाच्या आकड्याची गंमत वेगळी. तो धरायचा असेल तर उभं राहून मूठ वर करायची, धरायचा नसेल तर खाली बसून उघडा तळवा वर करायचा. मूठ म्हणजे भरीव ठिपका, तळवा म्हणजे पोकळ गोल. केवलमूल्याचं उदाहरण आलं की अंतर जिथून मोजायचं तिथे मी स्वतः जाऊन उभा राहायचो. त्याला आम्ही घर म्हणायचो.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. माझ्या डोक्यातून आलं, आणि याचा मला आजही अभिमान आहे, तो लपवायचं कारण नाही. ज्या धड्यात मुलं गळायची तो धडा मुलं मागून घ्यायला लागली. परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या शाळेची मुलं ओळखू यायची, बाकाखाली त्यांच्या मुठी मिटत-उघडत असायच्या. आजही बाजारात केस पिकलेला एखादा माणूस मोटरसायकल थांबवतो, नमस्काराऐवजी तळवा वर करतो आणि म्हणतो, “पहचाना सर? प्लस पाँच।” नाव मला आठवत नाही. आकडा आठवतो.

तक्रारीही यायच्या. एकदा कटंगीकडचा एक शेतकरी थेट मैदानावर आला. मुलगा त्याचा, उणे तीनवर उभा राहणारा. मी आदल्या दिवशी |x| < −३ दिलं होतं. अंतर उणे तीनपेक्षा लहान असूच शकत नाही, म्हणून रेघेवरची सगळी मुलं खाली बसली, उभं कोणीच नाही. हेच उत्तर. बाप म्हणाला, “गुरुजी, पोरगं दिवसभर उन्हात राह्यते अन् घरी येऊन सांगते का जवाबच नाही. जवाबच नाही त प्रश्न काहून विचारता?”

मी त्याला म्हटलं, तुमच्या घरापासून उणे तीन किलोमीटरवरचं एखादं गाव सांगा. त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, “असं गाव नाही.”

“हाच जवाब.”

“मंग पोराले हे असं सांगाले काय झालतं तुमाले?” असं म्हणून तो गेला, पण खूश होऊन गेला. पुढे आठवडी बाजारात भेटला की हात जोडायच्या आधी विचारायचा, “सापडलं का गुरुजी ते गाव?”

पेपर तपासायच्या केंद्रावर माझं नाव कडक म्हणून होतं. एका मुलाने ‘x उणे दोनपेक्षा लहान किंवा आठपेक्षा मोठा’ हे एकत्र करून −२ > x > ८ असं लिहिलं होतं. शेजारचे परीक्षक म्हणाले, बच्चा समझ गया है, नंबर दे दो. मी म्हटलं, एकच आकडा उणे दोनपेक्षा लहान आणि त्याच वेळी आठपेक्षा मोठा कसा असेल? एक आदमी एक ही समय लामता में और कटंगी में कैसे रहेगा? ते म्हणाले, “हमारे जीजाजी रहते हैं। दोनों जगह घर है उनका।” सगळं केंद्र हसलं. मीही हसलो आणि गुण कापला.

आता ममता.

ती सत्राच्या मध्येच आली. लामत्याहून छोट्या रेल्वेगाडीने यायची. रेघेवरचा उणे सातवरचा मुलगा तेव्हाच शाळा सोडून गेला होता, ती जागा तिला मिळाली. बोलायची कमी. तिची एक सवय माझ्या लक्षात आली होती. फळ्यावर उदाहरण लिहिलं की ती फळ्याकडे पाहायची, ओठ हलवायची, आणि मग बसायची किंवा उभी राहायची. सगळ्यांच्या नंतर, पण चुकायची नाही. बाकीची मुलं झटपट हालायची आणि मला वाटायचं, काय तयार झालीत. ही मुलं फळा वाचत नव्हती, माझे पाय वाचत होती, हे मला कळलं नव्हतं. मी जिथे उभा ते घर, मग त्याच्या दोन्ही बाजूंना मोजायचं. उदाहरण सोडवायचं सगळ्यात अवघड काम मी स्वतःच्या पायांनी करून देत होतो.

रेघेची कीर्ती वरपर्यंत गेली आणि एक दिवस मोठे साहेब पाहायला आले. प्राचार्यांनी नवा चुना मारून घेतला, मंडप घातला, समोसे मागवले. मी आधी ठरवलेली उदाहरणं दिली. मुलं उठली, बसली, मुठी, तळवे, सगळं एका तालात. साहेब खूश. मग ते खुर्चीतून उठले, म्हणाले, “एक सवाल हमारी तरफ़ से भी,” आणि खडू घेऊन स्वतः लिहिलं: |x + २| < ६.

मी चालत गेलो आणि अधिक दोनवर उभा राहिलो.

असं का झालं याचं कारण मी पुष्कळ शोधलं. साहेब पाहत होते, प्राचार्य पाहत होते, मी अधिकचं चिन्ह पाहिलं आणि पाय तिकडे गेले. जी चूक करू नका म्हणून आवाज बसेपर्यंत सांगितलं तीच. मुलांनी माझ्या दोन्ही बाजूंना मोजलं. उणे तीनपासून सातपर्यंत उभी राहिली, उणे चार आणि आठ यांनी खाली बसून तळवे दाखवले, बाकी सगळी खाली. दिसायला अगदी सुंदर. फक्त डावीकडे, पार टोकाजवळ, एकटी ममता उभी.

मी ओरडलो, “माइनस सात, बैठो।”

ती फळ्याकडे पाहून म्हणाली, “सर, घर माइनस दो पर है।”

हे तिने उद्धटपणे म्हटलं नव्हतं. दप्तर राहिलं म्हणून एखाद्याला हाक मारावी तसं म्हटलं होतं. आणि ती बोलली त्याच क्षणी मला दिसलं की तिचं बरोबर आहे. घर उणे दोनवर, तिथून दोन्हीकडे सहाच्या आत, म्हणजे उणे आठ ते चार यांच्या मध्ये. उणे सात त्याच्या आत आहे. उभी राहायला हवी होती ती उभी होती, आणि अधिक चार, पाच, सहा, सात उगाच उभी होती. मी नुसतं सरकून उणे दोनवर गेलो असतो, ‘शाबास, चूक माझी’ म्हटलं असतं, तर साहेबांना दाखवायला त्याहून चांगला पाठ दुसरा नव्हता. आज कळतं ते तेव्हाही कळत होतं.

मी म्हटलं, “मैंने कहा ना, बैठो।”

तिने एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बसली. मुलं हसली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा विषय गणित नव्हता. प्राचार्यांना ते म्हणाले की अनुशासनही चांगलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव माइनस सात पडलं. मैदानावर तो आकडा होता, आता गाडीतही तेच ऐकू यायला लागलं, स्टेशनवरही. मी ऐकत होतो. थोड्या दिवसांनी ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात आली आणि हळूच, घरच्या बोलीत म्हणाली, “सर, मले गणित नाही जमत. मी कला घेतो.”

तिला थांबवणं माझं काम होतं. त्या वर्गात असमानता तिच्याइतकी कोणाला येत नव्हती. मी म्हटलं, विचार करून ठरव, आणि तपासायचं काम पुढे ओढलं. खरं सांगायचं तर ती रेघेवरून गेली याचं मला हायसं वाटलं. तिथे उभं राहून सगळ्यांच्या नंतर फळा वाचणारं कोणी आता उरलं नव्हतं.

यापुढचं जास्त वाईट आहे.

रेघेसाठी माझा सत्कार झाला. जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मला बोलावू लागले. समोर दुपारच्या जेवणानंतरचे पेंगणारे शिक्षक, त्यांना जागं ठेवायला एखादी गोष्ट लागते. मी ममताची सांगायला लागलो. नाव नाही घेतलं, ‘माइनस सातवाली लड़की’ म्हणायचो. साहेबांसमोर एक मुलगी उणे सातवर हटून उभी राहते, वर मास्तरलाच शिकवते, आणि मास्तर तिला कसं बसवतो. पण प्रश्न जसाच्या तसा सांगितला असता तर समोर बसलेल्या गणिताच्या मास्तरांना लगेच कळलं असतं. म्हणून मी प्रश्न बदलला. अधिकमधली उभी रेघ काढून टाकली की उणे होतं. |x − २| < ६. एवढं केलं की घर अधिक दोनवर येतं, मी बरोबर ठरतो, आणि मुलगी चुकते. लोक खळखळून हसायचे. गोष्ट चांगली होती. ती त्यांनी आपापल्या शाळांत नेली. चिन्ह उलटं वाचलं की काय होतं, हे शिकवायला आजही ती आमच्या जिल्ह्यात सांगतात.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी लामत्याला गेलो. तिथे कळलं की ममताचं सासर तिथेच आहे, बाजाराजवळ शिवणकामाचं दुकान आहे तिचं. जेवण झाल्यावर मी तिकडे निघालो. काय बोलायचं ते वाटेत जुळवून घेतलं. एवढा मोठा मास्तर, पण मनात घोकत चाललो होतो, तोंडी परीक्षेला निघालेल्या मुलासारखा.

तिने मला आधी ओळखलं. मशीन थांबवलं, उठून पाया पडली, कपड्यांचा ढीग बाजूला सारून खुर्ची मोकळी केली. आतून चहा मागवला. मी विचारायच्या आधीच सगळं सांगायला लागली. नवरा भाताच्या गिरणीत, मुलगी अकरावीला, गणित घेतलं आहे.

“सर, तुमची रेघ इथच्या शाळेतही आहे बरं का,” ती म्हणाली. “पोरीच्या सरनं ते माइनस सातवालीची गोष्ट सांगितली. पोरगी घरी येऊन मले सांगे अन् हसे. तिले काय माहीत ते मीच म्हणून.”

मी म्हटलं, “ममता, त्या दिवसाबद्दलच मला…”

“नाही सर, आधी माझं ऐका. इतके वर्ष माझ्या मनात तुमच्याबद्दल राग होता, खोटं नाही सांगत. मले पक्कं वाटे का फळ्यावर अधिक होतं. मीच बरोबर अन् सरनं मले बसवलं. मंग पोरीले म्हटलं, तो प्रश्न सांग बरं. तिनं सांगितला, त त्यात उणे निघालं. म्हणजे मीच चिन्ह चुकली होती ना.” ती हसली. “बरं झालं माहीत पडलं. नाही त उगाच तुमच्याबद्दल वाईट धरून बसली असती.”

इतकी वर्षं त्या मैदानावर माझ्याविरुद्ध एक साक्षीदार होता, ममताची आठवण. माझ्या गोष्टीने तीही पुसून टाकली.

तेवढ्यात मुलगी आतून आली. ममता तिला म्हणाली, “ये, पाया पड. गोष्टीतले ते सर, हेच. अन् ते माइनस सातवाली कोण होती माहीत आहे का?” आणि स्वतःकडे बोट दाखवलं. मुलीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला हसावं की नाही ते कळेना. मग तिने मला विचारलं, “सर, मम्मी सच में आपसे भिड़ गई थी?”

“हाँ,” मी म्हटलं. “भिड़ गई थी।”

“फिर?”

माझ्या तोंडाशी सगळं जुळवलेलं होतं. समोर दोघी उभ्या होत्या, आई हसत होती, मुलगी वाट पाहत होती. मी म्हटलं, “फिर बैठ गई।”

चहा चांगला झाला होता असं सांगून मी उठलो. ममता बसपर्यंत सोडायला आली. सर, पुन्हा या, पोरीला थोडं शिकवा, म्हणाली. घरी आल्यावर बायकोने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाणी आणून दिलं.

जे मास्तर अजून मैदानावर चुना मारतात त्यांनी तो मारत राहावा. रेघ चांगली आहे, माझी आहे, आणि तिने पुष्कळ मुलांना तारलं आहे. फक्त घरावर स्वतः उभे राहू नका. मुलांना शोधू द्या, चुकू द्या, आणि सगळ्यांच्या नंतर बसणारं जे मूल असेल त्याच्याकडे आधी पाहा. आणि माइनस सातवालीची गोष्ट सांगत असाल तर खरा प्रश्न घालून सांगा. मास्तर चुकला, असं सांगा.

हा अंक लामत्याला जात नाही. ममता मराठी बोलते, पण वाचते हिंदीच. त्यामुळे इथे लिहिलं म्हणजे तिला सांगितलं, असं मी मानत नाही. पुन्हा जाईन म्हणतो, आणि जात नाही. वाटेत जे जुळवलं होतं ते मात्र अजून पाठ आहे.

ममता, साहेबांनी फळ्यावर अधिकच लिहिलं होतं. तू नीट वाचलं होतंस. चिन्ह मी चुकलो, आणि तू बोललीस तेव्हाच मला ते कळलं होतं, तरी मी तुला बसवलं. पोरीच्या सरांनी सांगितलेला प्रश्न खोटा आहे, तो मी बनवला. गणित तुला जमत होतं. मला माफ कर.